राजीनाम्यातील एक ओळ

कासारवाडी-भोसरी पट्ट्यात व्यापारी कुटुंबांनी उभारलेले अनेक लघुउद्योग आहेत. तेथील एखादा जुना कामगार दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळला की त्याला सल्ला मिळतो, ‘तूर्त राजीनामा दे, बरा झालास की पुन्हा ये.’ सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. कामगारही ‘घरगुती कारणास्तव’ असे लिहून सही करतो आणि त्या एका ओळीने त्याचे हक्क धोक्यात येतात.

दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना राज्य कामगार विमा योजना, म्हणजेच ईएसआय, लागू होते. २०१९ च्या जुलैपासून मालक ३.२५ टक्के व कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतात. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असेल, तर पुढील जानेवारी ते जूनमध्ये आजारपणाचा लाभ मिळू शकतो. तो सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत असतो. दैनिक वेतन ६०० रुपये धरल्यास रोजचे ४२० रुपये झाले. क्षय, कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे अशा ३४ दीर्घ आजारांत, दोन वर्षांची सलग नोकरी व १५६ दिवसांची वर्गणी असल्यास, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ वाढू शकतो.

आजारामुळे कामावर जाता न येणे हाच या लाभाचा पाया आहे. नोकरीच सोडली की तो पाया वादात सापडतो. शिवाय कायद्यानुसार हा लाभ सुरू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही. म्हणून राजीनाम्याआधी ईएसआयच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे. चिंचवडच्या मोहननगर येथे या योजनेचे रुग्णालय आहे.

प्रकृतीमुळे नोकरी सोडण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर कारण स्पष्ट लिहावे. उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्यासाठी सामान्यतः पाच वर्षांच्या सेवेची अट आहे. परंतु आजाराने पूर्वीचे काम करण्याची क्षमताच गेली असेल, तर ती अट लागू होत नाही. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये असतील, तर दर वर्षाला १५ दिवसांचे, म्हणजे ७,५०० रुपये होतात. तीन वर्षांचे २२,५०० रुपये झाले. ‘घरगुती कारण’ लिहिणाऱ्याला ते सहज नाकारले जातात. ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावयाची असते.

भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदाला नोकरीत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आले, तर एका महिन्याच्या वर्गणीवरही निवृत्तिवेतनाचा मार्ग खुला असतो. त्यासाठी वैद्यकीय मंडळाची तपासणी लागते.

पेढीचा हिशेब पै-पैशाने जुळवणाऱ्या मालकाने आजारी कामगाराच्या राजीनाम्यावर घाईने ‘मंजूर’ लिहू नये. त्याचा विमा क्रमांक, वर्गणीचा तपशील व डॉक्टरांचे कागद आधी समोर मांडावेत. यातील बहुतेक रक्कम मालकाच्या खिशातून नव्हे, भरलेल्या वर्गणीतूनच मिळणार असते.