पाहुण्याच्या हाती चावी देताना

पुण्यात दोन-चार दिवसांसाठी घर भाड्याने देण्याची पद्धत आता कोरेगाव पार्क आणि विमाननगरपुरती राहिलेली नाही. कोंढवा, वानवडी, खराडी, बाणेर अशा भागांतही कुणाचा मुलगा परदेशी गेल्याने रिकामा पडलेला, तर कुणी निवृत्तीच्या पैशातून घेतलेला वन-बीएचके रोजच्या भाड्याने दिला जातो. येणारे सगळेच सहलीला येतात असे नाही. कुणाचे वडील रुबी हॉल किंवा जहांगीरमध्ये दाखल असतात, कुणी मुलीच्या प्रवेशपरीक्षेसाठी आलेले असते, कुणी नातेवाइकांच्या लग्नासाठी. अनेक घरांत या भाड्यावर आजी-आजोबांची औषधे किंवा मुलांची फी निघते.

या व्यवहारात सर्वांत अवघड काम असते चावी देण्याचे. लोहगावला विमान रात्री दोनला उतरते, मग त्या वेळी चावी घेऊन कोण उभे राहणार? म्हणून ती वॉचमनकडे ठेवली जाते, खालच्या किराणा दुकानात दिली जाते, नाहीतर पायपुसण्याखाली सरकवली जाते. दुसरी अडचण याहून मोठी आहे. साध्या चावीची नक्कल चौकातला चावीवाला काही मिनिटांत करून देतो. महिनाभरात आठ कुटुंबे राहून गेली, तर आठ जणांच्या हातून ती चावी फिरली. तिची नक्कल कुणाकडे आहे, हे घरमालकाला कळायला मार्ग नाही. नवव्या कुटुंबातली बाई मुलांना घेऊन तिथे एकटी झोपणार असेल, तर तिच्या सुरक्षेचा प्रश्न इथेच उभा राहतो.

स्मार्ट लॉकचा विचार करायचा तो या कारणासाठी. दुकानात मात्र बोलणे वेगळ्याच दिशेने जाते. कुलूप बोटाने उघडते, कार्डाने उघडते, मोबाइलने उघडते, चेहरा पाहून उघडते, असे विक्रेता मोजून दाखवतो. स्वतः राहत्या घरासाठी हे ठीक आहे. भाड्याच्या घरासाठी आपले प्रश्न तीन: ते कुणासाठी उघडेल, किती काळ उघडेल, आणि बिघडले तर कसे उघडेल?

आधी दार पाहा

कुलूप पसंत करण्याआधी घरी जाऊन दार मोजा. दाराची जाडी किती, दार उजवे की डावे, आत उघडते की बाहेर, हे लिहून घ्या. बऱ्याच कुलपांना साधारण ३५ मिलिमीटरपेक्षा पातळ दार चालत नाही. पुण्यातल्या फ्लॅटना लाकडी दाराबाहेर जाळीचे सेफ्टी डोअर असते. दोन्हींमध्ये जागा कमी असेल, तर नव्या कुलपाचा मोठा हँडल जाळीला अडकतो आणि बाहेरचे दार लागतच नाही. ही जागा मोजायची बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

कुलपांचे मुख्य प्रकार दोन. मॉर्टिस लॉक दाराच्या कडेत खाच कोरून आत बसवतात. ते भक्कम असते, पण त्यासाठी दार कापावे लागते. रिम लॉक दाराच्या आतल्या बाजूला वरून बसते, नाइट लॅचसारखे. त्याला कापाकापी कमी लागते आणि पुढेमागे काढायचे झाले तर दार फारसे खराब होत नाही. घर स्वतःचे नसेल किंवा दार जुने सागवानी असेल, तर रिम लॉकचा विचार आधी करावा.

दार उघडे ठेवून आणि बंद करून, दोन्ही प्रकारे जुने कुलूप फिरवून पाहा. दार दाबल्याशिवाय किंवा उचलल्याशिवाय कडी बसत नसेल, तर आधी सुताराला बोलवा. माणूस दार खांद्याने रेटून लावतो. कुलपातल्या छोट्या मोटरला ते जमत नाही. ती जोर लावत राहते, सेल लवकर उतरतात आणि एक दिवस कडी अर्ध्यात अडकते. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून एप्रिलमध्ये छान चालणारे कुलूप जुलैमध्ये कुरकुर करू लागते. अशा वेळी कंपनीला दोष देण्याआधी दाराला रंधा मारायची गरज आहे का, ते पाहावे.

पाहुण्याला कोडच बरा

पाहुण्यासाठी आकड्यांचा कोड सर्वांत सोयीचा. अ‍ॅप उतरवून घ्या, खाते उघडा, ब्लूटूथ चालू करा, हे रात्री दोनला थकून आलेल्या कुटुंबाला सांगणे बरोबर नाही. सोबतच्या दादीकडे स्मार्टफोन नसेल. कुणी कचरा ठेवायला बाहेर आले आणि दार आपोआप बंद झाले, तर फोन आतच राहिलेला असतो. कोड मात्र डोक्यात असतो.

पाहुण्याच्या बोटाचे ठसे घेऊच नयेत. ठसा ही त्याची खासगी गोष्ट आहे. दोन रात्रींच्या मुक्कामासाठी ती आपल्या कुलपात साठवण्याचे कारण नाही. व्यवहारातही ते अडते. वयस्क माणसांचे किंवा कष्टाचे काम करणाऱ्यांचे ठसे पुसट झालेले असतात. लग्नाला आलेल्या बायकांच्या बोटांच्या टोकांना मेंदी असेल, तर सेन्सर अडू शकतो.

प्रत्येक मुक्कामाला नवा कोड द्यावा. तो पाहुण्याच्या येण्याच्या वेळी सुरू व्हावा आणि निघण्याच्या वेळी आपोआप बंद व्हावा, अशी सोय असलेले कुलूपच घ्यावे. साफसफाईला येणाऱ्या ताईंचा कोड वेगळा ठेवावा आणि तो दुपारच्या ठरावीक तासांपुरताच चालावा. असे केले म्हणजे काही हरवल्यावर त्यांच्याकडे संशयाने पाहण्याची वेळ येत नाही. कोणता कोड केव्हा वापरला गेला, याची नोंद कुलपात असते. ती त्यांच्याही उपयोगी पडते.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या. काही कुलपे इंटरनेटशिवायही ठरावीक मुदतीचा कोड देतात. कुलूप आणि अ‍ॅप दोघेही घड्याळाच्या वेळेवरून एकच हिशेब करतात, म्हणून अ‍ॅपने दिलेला आकडा कुलूप ओळखते. जिथे वाय-फाय नाही तिथे ही सोय उत्तम. मात्र असा दिलेला कोड मुदतीआधी घरबसल्या रद्द करता येत नाही. त्यासाठी कुलपाला इंटरनेटशी जोडणारा गेटवे लागतो किंवा स्वतः दारापर्यंत जावे लागते. तसेच सेल बदलल्यानंतर कुलपाचे घड्याळ बरोबर आहे ना, हे तपासावे. घड्याळ चुकले तर योग्य कोडही नाकारला जातो.

सेल आणि वीज

बहुतेक स्मार्ट लॉक चार किंवा आठ पेन्सिल सेलवर चालतात, त्यामुळे वीज गेली तरी दार उघडते. पण गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की राउटर बंद पडतो आणि तुम्ही दुसऱ्या गावाहून नवा कोड पाठवू शकत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावल्यास हा प्रश्न सुटतो. वाय-फायला सतत जोडलेले कुलूप सेलही जास्त खाते.

सेल अल्कलाइनच वापरा आणि सगळे एकदम बदला. जुने-नवे मिसळू नका. कंपनी वर्षभराचा दावा करत असली, तरी भाड्याच्या घराचे दार दिवसातून कितीतरी वेळा उघडते. ठरावीक महिने पक्के करा, उदाहरणार्थ मे अखेर आणि नोव्हेंबर अखेर, आणि इशाऱ्याची वाट न पाहता सेल बदला. सेल पूर्ण उतरले तर बाहेरून तात्पुरती वीज देण्याची सोय असावी. काही कुलपांना खालच्या बाजूला टाइप-सी जागा असते, तिथे पॉवर बँक लावता येते. काहींना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवावी लागते. यातले आपल्याकडे काय आहे, ते पाहुण्याला कोड पाठवतानाच कळवा.

लोखंडी चावी टाकून देऊ नका

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत घडलेली घटना प्रत्येक घरमालकाने लक्षात ठेवावी. कोलोरॅडोतील लॉकस्टेट या कंपनीने आपल्या कुलपांना इंटरनेटवरून अपडेट पाठवले. ते चुकीच्या मॉडेलला गेले आणि सुमारे ५०० कुलपे निकामी झाली. कोड दाबून दार उघडेना. त्यांतले जवळपास २०० ग्राहक एअरबीएनबीवर घर देणारे होते. दुरुस्तीसाठी कुलपाचा भाग काढून कंपनीकडे पाठवावा लागला. त्या काळात कामी आली ती कुलपासोबतची साधी चावी.

अपडेट टाळणे हाही उपाय नव्हे. २०१६ मध्ये डेफ कॉन या संगणक सुरक्षेच्या परिषदेत दोन संशोधकांनी ब्लूटूथवर चालणारी १६ कुलपे तपासून दाखवली. त्यांपैकी १२ त्यांना परवानगीशिवाय उघडता आली. अशा त्रुटी कळल्यावर त्या दुरुस्त होतात त्या अपडेटनेच. म्हणून अपडेट करावे, पण दोन पाहुण्यांच्या मधल्या रिकाम्या दिवशी, स्वतः दारात उभे राहून आणि चावी हातात ठेवून.

चावीचे छिद्र नसलेले कुलूप दिसायला देखणे असते; भाड्याच्या घराला ते घेऊ नये. चावी फ्लॅटच्या आत ठेवण्यात काही अर्थ नाही. जवळ राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाकडे किंवा शेजाऱ्याकडे ती अमानत म्हणून बंद पाकिटात द्यावी.

आतली कडी काढू नका

स्मार्ट लॉक बसवताना सुतार कधी कधी आतली जुनी कडी काढून टाकतो. ती राहू द्या. डिजिटल कुलपाचा मास्टर कोड घरमालकाकडे असतो, हे पाहुण्यालाही ठाऊक असते. आपल्या घरातली मुलगी परगावी अशा खोलीत राहणार असेल, तर झोपताना आतून कडी लावता आली पाहिजे असेच आपण म्हणू. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचे नाही, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. भाडे घेतल्यानंतर तेवढ्या दिवसांसाठी ते घर पाहुण्याचे असते. नळ दुरुस्त करायचा असला तरी आधी फोन करावा, बेल वाजवावी.

दाराच्या बाहेर पाहणारा कॅमेरा असलेली कुलपेही मिळतात. तसे कुलूप असेल तर घर देण्याआधीच पाहुण्याला स्पष्ट सांगा. घराच्या आत कॅमेरा नकोच; एअरबीएनबीनेही ३० एप्रिल २०२४ पासून घरातल्या कॅमेऱ्यांवर पूर्ण बंदी घातली आहे. कुलपातली येण्या-जाण्याची नोंदही कामापुरतीच पाहावी. पाहुणे रात्री किती वाजता परतले, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. आतून हँडल खाली केला की कोड किंवा सेलशिवाय दार लगेच उघडले पाहिजे. स्वयंपाकघरात आग लागली, तर कुणालाही बटणे शोधायला लागू नयेत.

खरेदीला निघताना

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत कुलपांची आणि हार्डवेअरची भरपूर दुकाने आहेत. दोन-तीन ठिकाणी कुलूप हाताळून पाहा. साधारण ७-८ हजारांपासून २५-३० हजारांपर्यंत किमती असतात. १८९७ मध्ये मुंबईत कुलपांपासूनच धंदा सुरू केलेल्या गोदरेजपासून परदेशी येलपर्यंत अनेक नावे समोर येतील. नावापेक्षा हे विचारा: पुण्यात सर्व्हिस सेंटर आहे का? बसवण्याचा खर्च किमतीत धरला आहे का? मुदतीचा कोड देण्यासाठी दरवर्षी पैसे भरावे लागतात का? कंपनीचा माणूस दुरुस्तीला किती दिवसांत येतो? आणि पक्के बिल घ्या.

कुलूप घेण्याआधी सोसायटीशी बोला. अनोळखी माणसे येत-जात राहिली की शेजाऱ्यांना काळजी वाटणे साहजिक आहे. परवानगी नसेल तर महागडे कुलूप वाया जाईल. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचा नियम पुण्यात आहे. थोड्या दिवसांच्या पाहुण्यांसाठी काय करायचे, ते आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. पाहुणा परदेशी नागरिक असेल, तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. ओळखपत्र म्हणून आधार घ्यायचे झाल्यास शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार मागा. कोड ओळखपत्र पाहिल्यानंतरच पाठवा. तो कुणी दाबला, हे कुलपाला कळत नाही. म्हणून शक्य असेल तेव्हा पहिल्या भेटीला घरातले कुणीतरी हजर असावे.

सगळे बसवून झाले की पहिल्या पाहुण्याआधी घरातच परीक्षा घ्या. रात्री जिन्यातला दिवा बंद करा, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या हाती कागदावर लिहिलेला कोड द्या, मोबाइल देऊ नका, आणि त्यांना एकट्याने दार उघडून आत जायला सांगा. ते अडखळले तर कुठे अडखळले ते पाहा. आकडे दिसत नसतील, सूचना कळत नसेल, दार जड जात असेल, तर ते आधी दुरुस्त करा. त्यानंतरच घर भाड्याने द्या.