नळ आले!

परवा रात्री पावणेदोन वाजता शेजारच्या काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवरून हाक मारली, ‘अहो, उठा, नळ आले!’ छत्रपती संभाजीनगरात आम्ही ‘पाणी आलं’ म्हणत नाही, ‘नळ आले’ म्हणतो. गल्लीत भराभर दिवे लागले. मी हौदाचं झाकण सरकवलं आणि टॉर्च धरून बसले. पहिली दहा मिनिटं गढूळ येतं, ते सोडून द्यायचं. मग ओंजळीत धरून वास घ्यायचा. वास नसला की पाइप हौदात टाकायचा. हौदातून मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, प्यायचं वेगळं गाळून ठेवायचं. साडेचारला नळ गेले. आधीचे आले होते त्याला नऊ दिवस झाले होते.

आमच्या घरी हौद आहे, मोटार आहे, टाकी आहे, फिल्टर आहे आणि वेळ पडली तर जार मागवायची ऐपत आहे. म्हणजे एका घरापुरती पाणीपुरवठा योजना आम्ही स्वतःच्या खर्चानं उभी केली आहे. गल्लीतल्या प्रत्येक घरानं तेच केलंय. काहींनी तर मोटार थेट नळालाच जोडली आहे, त्यामुळं शेवटच्या घरांना धार उरत नाही. वाहिनी नऊ दिवस रिकामी राहिली की सांध्यांतून बाहेरची घाण आत शिरते, आणि मोटारीच्या ओढीनं ती आणखी खेचली जाते. पहिली दहा मिनिटं गढूळ का येतं, त्याचं उत्तर हे.

आणि शहराला पाणी देणारं धरण? पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. त्याचा जलाशय, नाथसागर, काठोकाठ भरला की सुमारे १०२ टीएमसी पाणी साठतं. त्यापुढं शहराची गरज अगदी थोडी. पण शहर धरणापासून पन्नासेक किलोमीटर लांब आणि शंभरेक मीटर उंचावर. त्यामुळं थेंब न थेंब उपसून, फारोळ्याला शुद्ध करून, नक्षत्रवाडीच्या टेकडीपर्यंत ढकलावा लागतो. वीज गेली, उपसा बंद. ७०० मिलिमीटरची जुनी वाहिनी फुटली, उपसा बंद. मग टप्पे, म्हणजे भागाभागांच्या पाण्याच्या पाळ्या, एक दिवस पुढं ढकलले जातात. आमच्या शहरात ‘टप्पा पुढं ढकलला’ याचा अर्थ शाळेतल्या पोरालाही कळतो.

बाहेरगावचे पाहुणे येतात तेव्हा मी त्यांना पाणचक्की दाखवायला नेते आणि तिथं शहराच्या जुन्या नहरींची गोष्ट सांगते. खडकी गाव, म्हणजे आजचं हे शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरनं सतराव्या शतकात डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, निव्वळ उताराच्या जोरावर गावात आणलं, हे सांगताना मला अजूनही अभिमान वाटतो. मात्र पाहुण्यांना ‘या’ म्हणण्याआधी नळाचा दिवस कोणता, हे बघावं लागतं.

डिसेंबर २०२० मध्ये शहराच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन झालं तेव्हा तिचा खर्च १,६८० कोटी रुपये होता. पुढं तो २,७४० कोटींवर गेला. उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाला या कामावर लक्ष ठेवावं लागलं. पैठण रस्त्यानं जाताना ते अडीच मीटर व्यासाचे पाइप मी पाहिलेत. माणूस आत ताठ उभा राहील एवढे. एवढी मोठी वाहिनी महिन्याभरात होत नाही, हे मला कळतं. खडक फोडायचा, जलकुंभ बांधायचे, गल्लीगल्लीत नवे नळ टाकायचे, याला वर्षं जाणारच. तक्रार तिथं नाही.

तक्रार आहे ती वेळेची. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती वाजता फिरवायचा, हे लाइनमनला ठाऊक असतं. मग ते आदल्या संध्याकाळी आम्हाला का कळू नये? टप्पा पुढं गेला तर का गेला, किती तासांनी गेला, हेही मोबाइलवर एका ओळीत सांगता येतं. त्यासाठी ना खडक फोडावा लागतो, ना निविदा काढावी लागते.

आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींकडं हौद नाही. दोन निळे ड्रम, चार हंडे, आणि वस्तीतल्या नळावर नंबर. ज्या दिवशी त्यांचे नळ येतात, त्या दिवशी त्यांना चार घरची कामं सोडून थांबावं लागतं. कधी येणार माहीत नसतं, म्हणून एक दिवस आधीपासून थांबतात. एका घरानं त्या खाड्यांचे पैसे कापले. ‘ताई, टाइम कळला असता तर सकाळी दोन घरं उरकून गेले असते,’ असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला त्यांच्याकडं बघवेना. माझी झोपमोड होते. त्यांची मजुरी जाते.

स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मी नळाच्या दिवशी ‘न’ लिहिते. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख आणि मधूनमधून ‘न’. या महिन्यात आतापर्यंत दोन. मावशींनी काल तोच कागद मागितला, त्यांच्या वस्तीचे दिवसही लिहून ठेवायचेत म्हणाल्या. लिहिता येत नाही म्हणून त्या कुंकवाचं बोट टेकवतात. आता एकाच कागदावर माझे ‘न’ आहेत आणि त्यांची लाल बोटं. पुढचं बोट शुक्रवारी की शनिवारी टेकवायचं, हे त्यांनी मला दोनदा विचारलं.