देणगीदारांची वही आणि नवी प्रणाली



देणगीची पावती हाती दिली म्हणजे संस्थेचे कर्तव्य संपले, असे होत नाही. कोणी, केव्हा, किती आणि मुख्य म्हणजे कोणत्या कार्यासाठी दिले, याची नोंद तिला वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. ही नोंद पूर्वी वहीत होती. पुढे ती कार्यालयातील संगणकात आली आणि आता इंटरनेटवरून कोठूनही उघडता येणाऱ्या प्रणालीत जात आहे. अनेक विश्वस्त मंडळांपुढे आज हा विषय आहे, म्हणून त्याचा विचार करणे अगत्याचे वाटते.

अमेरिकेतील अनुभव या बाबतीत मार्गदर्शक ठरावा. तेथील ‘ब्लॅकबॉड’ ही कंपनी 1981 साली स्थापन झाली. तिची ‘रेझर्स एज’ ही प्रणाली विद्यापीठे, रुग्णालये व संग्रहालये निधिसंकलनासाठी वापरतात. तिचे ‘एनएक्सटी’ हे वेबवरील रूप आले, तेव्हा जुने रूप लगेच बंद झाले नाही. माहितीचा साठा एकच राहिला, त्यात शिरण्याची दारे मात्र दोन झाली. देणगीदाराची माहिती पाहणे, भेटीची नोंद करणे ही कामे नव्या दारातून सुलभ झाली. परंतु गुंतागुंतीच्या याद्या काढणे, एकाच वेळी शेकडो नोंदी बदलणे यांसाठी कर्मचारी पुढेही अनेक वर्षे जुन्या दाराकडेच वळत राहिले. यावरून घ्यायचा बोध असा की, स्थलांतर तारखेने न ठरवता कामांनी ठरवावे. कोणते काम कोण करतो, किती वेळा करतो, याची प्रथम यादी करावी. एकेक काम नव्या प्रणालीत न्यावे आणि काही महिने दोन्हीकडील बेरजा ताडून पाहाव्यात.

बेरीज जुळली तरी एक धोका उरतो. जुन्या वहीत शेऱ्याचा एक रकाना असे. ‘वसतिगृहासाठी’, ‘औषधोपचारासाठी’, ‘नाव प्रसिद्ध करू नये’ असे शब्द त्यात लिहिलेले असत. नव्या प्रणालीत रक्कम व दिनांक बिनचूक उतरतात आणि हा शेरा मागे राहतो. मग विद्यार्थ्यांसाठी दिलेला पैसा नकळत बांधकामाकडे वळू शकतो. आपल्याकडे आर्थिक वर्ष 2021-22 पासून, 80जी खाली मान्यता असलेल्या संस्थांना देणग्यांचे विवरण 10बीडी या नमुन्यात भरण्याचे बंधन आले. त्यात देणगीदाराची ओळख व रक्कम यांबरोबर देणगीचा प्रकारही नोंदवावा लागतो. एकाच व्यक्तीची तीन आद्याक्षरांनी तीन खाती असतील, तर तो घोळ थेट देणगीदाराच्या करसवलतीपर्यंत पोहोचतो. दिवंगत व्यक्तीच्या नावे आवाहनपत्र घरी गेले, तर कुटुंबीयांच्या मनाला होणारी वेदना तर कोणत्याच नमुन्यात भरता येत नाही.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा. 2020 साली याच ब्लॅकबॉडच्या यंत्रणेत चोर शिरले आणि 13 हजारांहून अधिक संस्थांच्या माहितीला झळ पोहोचली. 2023 मध्ये अमेरिकेतील 49 राज्ये व राजधानीच्या प्रदेशाशी तडजोड करताना कंपनीने 4 कोटी 95 लाख डॉलर देण्याचे मान्य केले. कंपनीने गरज संपलेली माहितीही वर्षानुवर्षे साठवून ठेवली होती, यावर तेथील व्यापार आयोगाने नेमके बोट ठेवले आणि अनावश्यक माहिती नष्ट करण्याचा आदेश दिला. आपल्याकडेही 2023 साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. म्हणून स्थलांतरापूर्वीच विचारावे : हे सारे सोबत नेण्याची खरोखर गरज आहे काय? पॅन क्रमांक, पत्ता, दूरध्वनी कोणाला दिसावेत? संस्था सोडून गेलेल्या कार्यकर्त्याचा पासवर्ड अजून चालू तर नाही ना?

या कामात तरुणांचे तंत्रज्ञान हवे, तसेच जुन्या मुनीमजींचे स्मरणही हवे. कोणत्या घराण्याने कोणत्या प्रसंगी कोणता निधी स्थापन केला, हे अनेकदा त्यांनाच ठाऊक असते. त्यांना निवृत्तीपूर्वी आदराने शेजारी बसवून जुन्या वहीचे शेरे एकेक करून नव्या प्रणालीत उतरवून घ्यावेत. त्यासाठी चार महिने अधिक लागले तरी चालतील. दात्याने ज्या हेतूने दान दिले तो हेतू पुढील विश्वस्तांना कळावा, एवढ्यासाठीच तर ही नोंद ठेवायची असते.