वठलेल्या झाडांची बाजू

पोलंड आणि बेलारूस यांच्या सीमेवर पसरलेल्या ब्यावोव्येझा या अरण्याविषयी लिहू लागले की 'अनाघ्रात' हे विशेषण लेखणीच्या टोकाशी आपसूक येते. आम्ही ते कटाक्षाने टाळीत आहोत. माणसाने हे अरण्य हाताळलेच नाही, असे नव्हे. पोलंडच्या राजांनी आणि पुढे रशियाच्या झारांनी ते शिकारीसाठी राखले. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी तेथील लाकूड अफाट तोडून नेले. १९१९च्या सुमारास तेथील शेवटचा रानटी बायसन मारला गेला. (बायसन म्हणजे आपल्या गव्याचा युरोपीय आप्त.) तरीही दोन्ही देशांतील मिळून सुमारे १ लाख ४२ हजार हेक्टर क्षेत्र आज जागतिक वारसा म्हणून नोंदलेले आहे. त्याचे मोल अस्पर्शतेत नाही, सातत्यात आहे. तेथील गाभ्यात ओक, हॉर्नबीम, स्प्रूस आपोआप रुजतात, वाढतात, वठतात आणि जागीच कुजतात.

या 'कुजण्या'वरूनच वाद पेटला. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी स्प्रूसची झाडे मोठ्या प्रमाणावर मारली. मार्च २०१६मध्ये पोलंडच्या पर्यावरणमंत्र्यांनी तेथील एका वनविभागातील दशकभराची तोडमर्यादा सुमारे ६३ हजार घनमीटरांवरून १ लाख ८८ हजारांवर नेली. कारण काय, तर अरण्य वाचवायचे! विरोधकांचेही क्रियापद तेच होते. साहित्याच्या अभ्यासकांनी येथे थबकावे असे आम्हांस वाटते. एकच शब्द दोन्ही पक्षांच्या तोंडी असतो, तेव्हा त्याच्या पोटातील प्रतिमा तपासावी लागते. मंत्र्यांच्या 'वाचवण्या'त अरण्य ही बाग होती: रोगट काढा, नवे लावा, नीटनेटके ठेवा.

परंतु अरण्यात वठलेले झाड म्हणजे केर नव्हे. तीन बोटांचा सुतारपक्षी त्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवरच जगतो. त्याने कोरलेल्या ढोलीत पुढे पिग्मी घुबड अंडी घालते. पडलेल्या ओंडक्यावर बुरशी, शेवाळ, किडे आणि अखेर नवी रोपे येतात. 'मृत लाकूड' हा शब्दप्रयोगच, आमच्या मते, दिशाभूल करणारा आहे. १७ एप्रिल २०१८ रोजी युरोपीय न्यायालयाने या तोडीने पक्षी व अधिवास यांच्या संरक्षणाचे कायदे मोडले, असा निर्णय दिला. रस्त्यालगतची धोकादायक झाडे काढण्यास मात्र न्यायालयाने आधीच्या अंतरिम आदेशातही मुभा ठेवली होती, आणि ते रास्तच होते.

आपल्याकडील अनेक देवरायांत पडलेली काटकीही उचलायची नाही, असा दंडक असे. तो देवाच्या धाकाने पाळला जाई, पण परिणाम तोच. देवराई मात्र बहुधा काही एकरांची. बायसनांचे कळप, लांडगे आणि लिंक्स यांना तेवढ्यात भागत नाही. प्राणिसंग्रहालयांतील मोजक्या पूर्वजांपासून वाढवलेले बायसन १९५२पासून ब्यावोव्येझात पुन्हा मोकळे सोडले गेले, ते एवढे रान शिल्लक होते म्हणूनच. आता २०२२मध्ये पोलंडने सीमेवर उभारलेली साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत याच रानातून जाते. बेलारूसच्या बाजूला सोव्हिएत काळापासून कुंपण होतेच. तेव्हा एकट्या भिंतीला दोष देणे अर्धसत्य ठरेल. पण तुटलेले सांधायचे सोडून फट आणखी रुंद करणे, याला संरक्षण कसे म्हणावे?

पोलंडकडील अरण्याचा जेमतेम सहावा हिस्सा राष्ट्रीय उद्यानात आहे. तो सगळाच उद्यानात यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र तेथील कायद्याप्रमाणे उद्यान वाढवायला स्थानिक ग्रामसंस्थांची संमती लागते, आणि सरपण व इमारती लाकूड यांवर संसार उभे केलेल्या गावांना ती देणे जड जाते. त्यांना अडाणी ठरवून मोकळे होणारे लेख आम्ही पुष्कळ वाचले. लाकडाऐवजी त्यांच्या हाती काय द्यायचे, याचा हिशेब मांडणारे फारच थोडे आढळले.