लिलावात काढलेले राज्य

1624 साली कार्डिनल रिशल्यू फ्रान्सच्या तेराव्या लुईचा मुख्य मंत्री झाला. त्याच वर्षी अहमदनगरजवळ भातवडीला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना एका मैदानात लोळवले. या दोघांची नावे एका दमात घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही. एक उमराव घराण्यात जन्मलेला, दुसरा बाजारात विकला गेलेला हबशी गुलाम. पण दोघांपुढचा पेच सारखाच होता. गादीवरचा राजा दुबळा, युद्ध दाराशी आलेले, तिजोरीत खडखडाट आणि रयतेकडून सारा वसूल करणारा माणूस सरकारचा नोकरच नव्हे.

युरोपातल्या अनियंत्रित राजेशाहीविषयी शाळेत जे शिकवले जाते त्यात व्हर्सायचा आरसेमहाल असतो, राजाचा थाट असतो आणि त्याचा दैवी अधिकार असतो. सारा कोण गोळा करत होता, हा प्रश्न धड्याच्या शेवटी दिलेल्या स्वाध्यायातही नसतो. खरे तर राज्य नावाची वस्तू त्या काळात घडली ती याच प्रश्नावर. त्याचे उत्तर शोधायला बीडकरांनी पॅरिसला जायची गरज नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या धारूरच्या किल्ल्यापर्यंत गेले तरी पुरे.

हा किल्ला 1567 च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधून काढला आणि थोड्याच काळात अहमदनगरच्या निजामशाहीने तो हिसकावून घेतला. सीमेवरचा मुलूख असल्यामुळे आज एकाची चौकी, उद्या दुसऱ्याची. अशा मुलखात गावोगावच्या वसुलीचा मक्ता जो घेई त्याला पुढच्या वर्षाची शाश्वती नसे. मग यंदाच जेवढे ओरबाडता येईल तेवढे ओरबाडायचे, हा त्याचा सरळ हिशेब. मलिक अंबरने निजामशाहीत घाव घातला तो नेमका इथे. त्याने मक्ते मोडले, जमिनीची प्रत आणि पीक पाहून आकारणी बसवली, वसुली कारकुनांच्या हाती दिली आणि गावाची पाटील-कुलकर्ण्यांची व्यवस्था पुन्हा उभी केली. सरकारचा हिस्सा सुरुवातीला पिकाच्या सुमारे दोन-पंचमांश होता, पुढे रोखीत तो एक-तृतीयांशाच्या आसपास ठरला. आजच्या डोळ्यांना हा आकडा जबर वाटेल. पण आकडा आधी ठरलेला असणे, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती.

1626 मध्ये अंबर वारला. त्यानंतर 1630 ते 1632 चा भयंकर दुष्काळ आला, त्याच धामधुमीत धारूर मोगलांनी घेतले आणि त्याचे फतेहाबाद केले. 1636 मध्ये निजामशाहीच संपली.

अंबर गेला त्याच वर्षी रिशल्यूने फर्मान काढले की सीमेवर नसलेल्या सरदारांच्या गढ्या पाडाव्यात. गढ्या पाडणे त्यातल्या त्यात सोपे होते. हुद्दे परत घेणे अवघड, कारण फ्रान्समध्ये 1604 पासून एक सोय रूढ झाली होती. सरकारी हुद्दा विकत घ्यायचा, त्याच्या किमतीचा साठावा हिस्सा दरसाल राजाकडे भरायचा, की तो हुद्दा वारशाने मुलाकडे जाणार. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. न्यायाधीश वतनदार, खजिनदार वतनदार. त्यांना काढायचे तर हुद्द्याची किंमत परत करावी लागे आणि तेवढा पैसा राजाकडे कधीच नसे.

शिवाजी महाराजांनी हे दुखणे अचूक ओळखले होते. 1656 मध्ये जावळी घेतली. देशमुखांचे बुरूजबंद वाडे पाडून त्यांना साध्या घरात राहायला लावले. वतनदाराने रयतेकडून परस्पर काही घ्यायचे नाही, त्याचा ठरलेला हक्क सरकारातून मिळेल, असा दंडक घातला. महाराजांच्या आणि त्यांचा समकालीन चौदावा लुई याच्या गोष्टीत फरक पडतो तो पुढे. महाराजांना राज्याभिषेकानंतर उणीपुरी सहा वर्षे मिळाली, लुईने बहात्तर वर्षे राज्य केले. राजाराम महाराजांच्या काळात मोगली रेट्यापुढे माणसे धरून ठेवायला पुन्हा वतने वाटावी लागली. त्या निर्णयाला नावे ठेवणे आज सोपे आहे, तेव्हा दुसरा मार्ग क्वचितच दिसत होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जो सावधपणा आहे, तो या अनुभवातून आलेला.

लुईने 1661 मध्ये कारभार हाती घेतला आणि काही महिन्यांत आपला अर्थप्रमुख फुके याला कैद केले. फुकेने राजालाही हेवा वाटावा असा वाडा बांधला होता. त्याच्या जागी कोल्बेअर आला. प्रांतोप्रांती तीसेक ‘इंतांदां’ नेमले होते. हा हुद्दा विकत मिळत नव्हता, वारशाने जात नव्हता आणि राजा म्हणेल त्या दिवशी काढून घेता येत होता. हा अधिकारी म्हणजे आजच्या कलेक्टरचा लांबचा पूर्वज. एवढे करूनही या सर्वसत्ताधीश राजाच्या हातून एक गोष्ट सुटली नाही, आणि ती म्हणजे कराचा मक्ता. मीठ, दारू, जकात यांची वसुली सावकारांच्या टोळीकडेच राहिली. कोल्बेअरने सुटे मक्ते एकत्र बांधले, मोडले नाहीत. कारण उघड आहे. लढायांसाठी कागदोपत्री चार लाखांच्या घरात गेलेली फौज पोसायची होती आणि मक्तेदार पैसे आगाऊ देत होता. त्याची किंमत शंभर वर्षांनी चुकती झाली. 1794 मध्ये क्रांतिकारकांनी अठ्ठावीस मक्तेदारांना एकाच दिवशी गिलोटिनवर चढवले. त्यांत थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएही होता.

इंग्लंडने जकातीचा मक्ता 1671 मध्ये आणि अबकारीचा 1683 मध्ये बंद करून पगारी नोकर नेमले. पुढच्या शतकात इंग्रज माणूस फ्रेंचापेक्षा जास्त कर भरत होता, तरी गिलोटिन उभे राहिले ते पॅरिसमध्ये. कराचा बोजा माणूस एक वेळ सोसतो. आपल्याकडून गेलेल्या दहा रुपयांतले सहा मधल्याच्या खिशात गेले, हे त्याला सोसत नाही.

निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या बीडमध्ये हे नाट्य दोनशे वर्षे उशिरा झाले. हैदराबादचा दिवाण चंदुलाल 1843 मध्ये पायउतार झाला तेव्हा संस्थान कर्जात बुडाले होते, मुलूख अरब जमादार आणि सावकारांकडे गहाण पडला होता आणि वसुलीचे मक्ते जास्त बोली लावणाऱ्याच्या हाती होते. कर्जाच्या मुळाशी इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची कंटिन्जंट फौज होती. तिचे घोडदळ मोमिनाबादच्या, म्हणजे अंबाजोगाईच्या छावणीत असे. तिचा पगार थकला म्हणून 1853 मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. आणि त्याच महिन्यात चोवीस वर्षांचा सालारजंग दिवाण झाला. त्याने गहाण मुलूख सोडवून घेतला, मक्ते मोडले, पगारी तालुकदार नेमले आणि 1865 मध्ये जिल्हाबंदी केली. देशमुख-देशपांड्यांकडून वसुली काढून घेतली आणि बदल्यात त्यांना रोख रुसूम बांधून दिला. रिशल्यूला जे जमले नाही ते या तरुण दिवाणाने बऱ्याच अंशी केले, आणि गिलोटिन न उभारता केले.

बऱ्याच अंशी, कारण जहागिरी आणि निजामाची खासगी मालमत्ता असलेले सर्फ-ए-खास मिळून संस्थानचा मोठा हिस्सा दिवाणाच्या अखत्यारीबाहेरच राहिला. तिथे वेगळा मालक, वेगळी वसुली, कुठे कुठे वेगळे न्यायालय. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर, 1949 मध्ये जहागिरी आणि सर्फ-ए-खास संपले, तेव्हा कुठे एक राज्य, एक तिजोरी ही गोष्ट मराठवाड्यात खरी झाली. पगारी नोकर आला म्हणजे रामराज्य आले असेही नाही. निजामाच्या तालुकदाराला रयतेने निवडले नव्हते, की ती त्याला जाबही विचारू शकत नव्हती. पण जाब विचारायला समोर निदान एक सरकार असावे लागते.

आता आजचे पाहू. कुठल्याही आठवडी बाजारात सकाळी नऊच्या सुमारास एक पोरगा पावतीपुस्तक काखेत मारून फिरतो. मेथीच्या वीस-पंचवीस जुड्या पोत्यावर मांडून बसलेल्या बाईपुढे तो थांबतो. तिने भवानीही केलेली नसते. ती पदराची गाठ सोडते, तो पैसे घेतो, पावती कधी फाडतो, कधी नाही. हा पोरगा पालिकेचा नोकर नसतो. तहबाजारीचा ठेका ज्याने लिलावात घेतला, त्याचा तो माणूस. त्या बाईला दर ठाऊक नसतो, कारण तो बाजारात कुठे लिहिलेलाच नसतो.

वाळूचेही तेच. 1763 मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवले ते राक्षसभुवन गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठावर आहे. आता या काठांवर हायवा आणि जेसीबीची वर्दळ असते आणि रात्रीच्या गस्तीला निघालेल्या महसूल पथकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात नव्या नाहीत. सरकारने 2023 मध्ये डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू द्यायचे ठरवले आणि 2025 मध्ये पुन्हा ई-लिलावाकडे वळले. डेपोची योजना फसली हे मान्य. पण लिलावाने काय साधते? पैसा आगाऊ येतो, नोकर नेमावे लागत नाहीत. कोल्बेअरचेही समर्थन हेच होते. बोली लावून घाट घेतलेला माणूस मुदतीच्या आत पैसे वसूल करणारच, आणि त्यासाठी लागणारी ताकद तलाठ्याच्या ताकदीपेक्षा जास्त ठेवणार. ती ताकद मग फक्त वाळूपुरती राहत नाही. बीडच्या गुंडगिरीवर मुंबईत चर्चा झडते तेव्हा जात, पक्ष, पुढारी यांची नावे निघतात. लिलावाचा कागद कोणी मागत नाही.

सगळे ठेके एका दिवसात मोडा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. सालारजंगालाही जिल्हाबंदीपर्यंत पोचायला बारा वर्षे लागली. पण बीड, गेवराई, माजलगाव, धारूर, अंबाजोगाई आणि परळी या सहा पालिकांनी येत्या आर्थिक वर्षापासून बाजाराच्या तोंडाशी एक फलक लावावा. त्यावर तहबाजारीचा दर, ठेक्याची रक्कम, ठेकेदाराचे नाव आणि तक्रारीसाठी अधिकाऱ्याचा नंबर असावा. जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक वाळूघाटावर तसाच फलक लावावा. आणि ज्या पालिकेला शक्य आहे तिने वर्षभर स्वतःच्या नोकरांकरवी वसुली करून दोन्ही वर्षांचे आकडे सभागृहात ठेवावेत.