नेट घराचं की खिशातलं?



‘मोबाईल असताना घरात वायर कशाला?’ हे वाक्य हल्ली शहाणपणाचं समजलं जातं. केबलवाल्याचं नेट बंद करा, सगळ्यांनी मोबाईलच्या डेटावर भागवा, पैसे वाचतील, असा सल्ला घरचे पुरुष देतात, जाहिराती देतात, आणि सरकारी योजनाही तेच गृहीत धरून आखल्या जातात. सगळा देशच या सल्ल्यावर चालला आहे. ट्रायच्या २०२४ अखेरच्या आकडेवारीनुसार भारतात ब्रॉडबँडच्या जोडण्या ९४ कोटींच्या घरात होत्या, आणि त्यातल्या तारेच्या जोडण्या होत्या जेमतेम ४ कोटींच्या आसपास. बाकी सगळं नेट हवेतलं आणि खिशातलं.

हा सल्ला बायकांच्या मुळावर येणारा आहे, हे आपण स्पष्टपणे म्हटलं पाहिजे. भिंतीवरच्या डब्यातून येणारं नेट घरात राहतं. मोबाईलमधलं नेट मात्र मोबाईलच्या मालकाबरोबर सकाळी कामावर जातं आणि रात्री त्याच्याबरोबर परत येतं. दिवसभर घरात कोण असतं? शिवणकाम, पापड, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याचं औषधपाणी कोण बघतं? जिला दिवसभर नेटची गरज आहे तिच्या घरातून नेट दिवसभर बाहेर असतं. याला ‘प्रत्येक घरात इंटरनेट’ म्हणायचं का?

मालक कोण, याचं उत्तर सरकारच्याच पाहणीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातल्या ५४ टक्के बायकांकडे होता. कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के, बाया ३३ टक्के. फुले-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या आपल्या महाराष्ट्रातही पुरुष ६१ टक्क्यांच्या वर आणि बाया ३८ टक्के. ही दरी तंत्रज्ञानाने निर्माण केलेली नाही, ती घरात आधीपासून होतीच. आपण मात्र तिच्यावरून पूल बांधण्याऐवजी ती होती तशीच नव्या वस्तूत उतरवली.

आता पैशांचा हिशोब मांडू, कारण ‘स्वस्त पडतं’ हाच या सल्ल्याचा मुख्य आधार आहे. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा दिवसाला दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक जिओकडे २३९ चा २९९ रुपयांना झाला. महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज. एका माणसाचे झाले ३,८८७ रुपये. उलट घरात वायरने येणारं नेट चारशे रुपये महिना आणि वर १८ टक्के जीएसटी असं धरलं तर वर्षाला साडेपाच हजारांच्या पुढे जातं. पाहा, मोबाईल स्वस्त पडला! पण थांबा. घरात माणसं किती? नवरा, बायको आणि कॉलेजातली मुलगी अशी तिघं धरली, तर तीन रिचार्जचे होतात ११,६६१ रुपये, म्हणजे वायरच्या खर्चाच्या दुप्पट. वायर घेतली तरी बोलण्यापुरतं रिचार्ज तिघांनाही लागेलच. तो खर्च धरला तर दोन्ही हिशोब जवळपास बरोबरीत येतात. मग वस्तीतल्या घरांना मोबाईल स्वस्त पडतो तो कसा? तर तिघांपैकी एकाचंच रिचार्ज नेमाने होतं म्हणून. मुलीचं परीक्षा आली की होतं, बाईचं ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून राहतं. मोबाईलचा हा स्वस्तपणा बाईचं रिचार्ज न करण्यातून आलेला आहे. जेवणात शेवटी बसून उरलंसुरलं खाणाऱ्या बाईमुळे घरखर्च जसा ‘आटोक्यात’ राहतो, तशातलाच हा प्रकार.

मग तिने काय करायचं? हॉटस्पॉट मागायचा. ‘जरा नेट देता का?’ असं नवऱ्याला विचारायचं, मुलीने भावाला विचारायचं. की लगेच प्रश्न सुरू: कशाला पाहिजे, कुणाशी बोलायचंय, किती वेळ लागेल? त्याचा दिवसाचा डेटा संपत आला असेल तर नकार ठरलेला, कारण मर्यादा संपली की वेग इतका खाली येतो की साधा फॉर्मसुद्धा उघडत नाही. पाणी जोवर नळाने घरात येत होतं तोवर हंडा भरायला कुणाची परवानगी लागत नव्हती. आता नळ काढून घरातल्या एकाच्या हातात बाटली दिली आहे आणि तहान लागेल तेव्हा त्याच्याकडे मागा म्हणतात.

खिशातली वस्तू काढून घेणंही सोपं असतं. जुलै २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या पंचांनी अविवाहित मुलींना मोबाईलबंदी केली आणि बंदी मोडली तर बापाला दंड ठरवला. त्याच वर्षी केरळमध्ये मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी मोबाईल जमा करायच्या नियमाला फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने विरोध केला, म्हणून तिला वसतिगृहातून काढलं. ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला परत घ्यायला लावलं. ती जिंकली. पण प्रत्येक मुलीने एका मोबाईलसाठी उच्च न्यायालयात जायचं का?

काही मैत्रिणी म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, की वायर म्हणजे घराच्या कर्त्याच्या नावावरचं कनेक्शन, सासूच्या नजरेखालचा डबा. उलट मोबाईल ही बाईची स्वतःची, गुपित राखणारी वस्तू. मारहाण सोसणाऱ्या बाईला १८१ वर फोन करता येतो तो हातात मोबाईल असला तरच. हे खरंच आहे, म्हणून बाईने मोबाईल सोडावा असं मी म्हणतच नाही. तिच्या हातात तिचा मोबाईल हवाच. पण रिचार्जविना तो अर्धाच आहे. घरात नेट असेल तर कुणाचा तरी वापरून झालेला जुना हँडसेटही तिच्या कामाला येतो. राहिला ताब्याचा प्रश्न. पूर्वी घरच्या फोनच्या डायलला छोटं कुलूप लावणारे कर्ते पुरुष आपण पाहिले आहेत, आता तेच राउटरचा पासवर्ड स्वतःकडे ठेवतील. वायर आली की बाई मोकळी झाली, असा भाबडा दावा इथे नाही. पण कुलूप फोडायचं तर आधी फोन घरात हवा. त्याच्या खिशातल्या मोबाईलवर तर भांडायलाही जागा उरत नाही.

आणि हे फक्त घरातलं भांडण नाही. सरकारनेही स्वतःचं काम बाईच्या खिशावर ढकललं आहे. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला आणि बालकांच्या वजना-उंचीच्या नोंदी मोबाईलवर भरायचं काम अंगणवाडी सेविकांवर पडलं. सरकारने दिलेले मोबाईल इतके निकृष्ट होते की ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते सामुदायिकरीत्या परत केले. अंगणवाडीच्या इमारतीत नेटची जोडणी द्यावी, हे कुणाला सुचलं नाही. ‘भारतनेट’ची तार २०११ पासून गावागावांत नेली जात आहे, ती दोन लाखांहून जास्त ग्रामपंचायतींपर्यंत पोचल्याचं सरकार सांगतं. ऑगस्ट २०२३ मध्ये या योजनेसाठी १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्या पैशाची तार ग्रामपंचायतीच्या कपाटापाशी येऊन थांबते, आणि शेजारच्या अंगणवाडीतली बाई सिग्नल शोधत बाहेर उभी असते.

खिशातलं नेट सरकारला बंद करायलाही सोपं जातं. मणिपूरमध्ये मे २०२३ मध्ये इंटरनेट बंद केलं गेलं. तारेचं नेट २५ जुलैला अटी घालून सुरू झालं, मोबाईलचं सप्टेंबरपर्यंत बंद राहिलं. म्हणजे ज्यांच्या घरी किंवा कचेरीत तार होती त्यांना वाचा आधी मिळाली, गरिबाला नंतर. ४ मे रोजी बायकांची नग्न धिंड काढली गेली, त्याचं चित्रण देशासमोर यायला १९ जुलै उजाडला. नेट बंद असतं तेव्हा कुणाचे गुन्हे झाकले जातात, हे यापेक्षा वेगळं काय सांगायचं?

डोंगरावरच्या पाड्यावर आज मोबाईलच पोचतो, हे मान्य. खांबावरून तार न आणता छतावर अँटेना लावून घराला नेट देण्याची सोयही शहरांत आली आहे, तिलाही विरोध नाही. प्रश्न तारेचा की लहरींचा, हा नाहीच. जोडणी घराला आणि गावाला मिळणार की एका माणसाच्या खिशाला, हा आहे. केरळने २०१७ मध्ये इंटरनेट हा नागरिकांचा हक्क मानला आणि जून २०२३ मध्ये २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीचं उद्दिष्ट ठेवून ‘केफोन’ सुरू केलं. उद्दिष्ट गाठण्यात ते सरकार फार मागे पडलं आहे. पण निदान तिथे जाब विचारायला उद्दिष्ट तरी आहे. महाराष्ट्रात आपण जाब कशाचा विचारणार?

म्हणून आपल्या मागण्या आपणच ठरवू या. भारतनेटची जोडणी आधी अंगणवाडी, शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि बचत गटाच्या खोलीला द्या. वस्तीत सार्वजनिक वाचनालयात मोफत वायफाय द्या, आणि ते बायकांना सोयीच्या वेळी उघडं ठेवा. गरीब कुटुंबाला सवलतीची जोडणी द्या, आणि ती घरातल्या बाईच्या नावावर द्या. सेविकांच्या कामाचा डेटा त्यांच्या पदरमोडीतून नको. पंचायतींत निम्म्या जागा आपल्या आहेत, तेव्हा पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायला कुणाची परवानगी लागणार नाही. शहरातल्या गटांनी वॉर्डसभेत, नगरसेवकाच्या दारात हाच प्रश्न न्यावा.

रेशनकार्डावर नाव लागावं म्हणून आपण भांडलो, सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून भांडतो आहोत. आता घरच्या नेटच्या बिलावरही बाईचं नाव लागलं पाहिजे.