ज्वारीच्या पानातील विद्या कोणाच्या मालकीची?

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील कोरडवाहू मुलखाला पिढ्यान् पिढ्या ज्वारीने पोसले. सालगड्याची भाकरी आणि बैलाचा कडबा या दोन्ही गरजा एकाच ताटाने भागविल्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुराच्या हाती रेशनवर जी अमेरिकेची लाल मिलो पडली, तीही ज्वारीच होती. पुढे रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ आला, बाजारात सोयाबीनला रोख पैसा मिळू लागला आणि ज्वारीचे क्षेत्र आकसत गेले. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, भाषणेही झाली. परंतु शिवारातील ज्वारी त्यामुळे परत आली नाही.

अशा या उपेक्षित पिकाचे पान आज जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळांत अभ्यासाचा विषय झाले आहे. हे का घडले, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. कारण हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा नाही.

गहू व भात यांच्या पानांत हवेतील कर्बवायू पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे विकर करते. ते अनेकदा चुकून प्राणवायूच पकडते. ऊन वाढेल तशी ही चूक वाढते आणि पानाच्या कमाईचा मोठा हिस्सा वाया जातो. ज्वारी, मका, बाजरी आणि ऊस यांनी निराळी व्यवस्था केली आहे. त्यांच्या पानातील प्रत्येक शिरेभोवती पेशींची दोन कडी असतात. बाहेरच्या कड्यातील पेशी कर्बवायू चार कर्बअणूंच्या आम्लात बांधतात व आतल्या कड्याकडे पोचवितात. तेथे तो मोकळा होतो आणि त्याच्या दाटीत रुबिस्कोची चूक क्वचितच घडते. पर्णरंध्रे कमी उघडून काम भागते, म्हणून पाणीही कमी लागते. हॅच व स्लॅक या संशोधकांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात उसाच्या पानावर हा मार्ग स्पष्ट केला. मात्र त्यासाठी पानातील शिरा दाट असाव्या लागतात. ज्वारीच्या दोन शिरांच्या मध्ये बाहेरच्या कड्याच्या जेमतेम दोन-तीन पेशी मावतात. भाताच्या पानात हे अंतर कितीतरी मोठे असते.

ही रचना कोणत्या जनुकांच्या आज्ञेने घडते? गावचा मिस्त्री मोटार बंद पडल्यावरच तिचा कोणता भाग काय काम करीत होता हे नेमके ओळखतो. शास्त्रज्ञांची रीत तीच आहे. बियाण्यावर गॅमा किरणांचा वा रसायनाचा प्रयोग करून त्याच्या जनुकांत बदल घडवितात, पुढच्या पिढीतील हजारो रोपे तपासतात आणि ज्यांच्या पानाची रचना बिघडली आहे अशी उत्परिवर्तित रोपे, म्हणजेच म्यूटंट, वेगळी काढतात. (किरण दिलेल्या बियाण्याचे पीक किरणोत्सारी होते, हा समज निराधार आहे.) ज्वारीवर झालेल्या अशा दोन शोधमोहिमांत शिरा विरळ झालेली रोपे सापडली आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार दोन्ही मोहिमांचा माग एका संप्रेरकाशी निगडित असलेल्या एकाच जनुकापर्यंत पोचला. मक्याच्या फिकट पानांच्या म्यूटंटवरून ओळखले गेलेले ‘गोल्डन-टू’ हे जनुक २०१७ साली भातात घातले असता भाताच्या शिरेभोवतीच्या पेशींत हरितकणांची वाढ झाली. भाताचे पान ज्वारी-मक्यासारखे कमावते करावे, ही यामागील महत्त्वाकांक्षा आहे. त्यासाठीचा प्रकल्प २००८ साली फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सुरू झाला, आणि त्याला पैसा मिळाला तो गेट्स प्रतिष्ठानाचा. तसा भात अद्याप कोणाच्याही शेतात उगवलेला नाही. म्हणून शेतकऱ्यांना उद्याच्या चमत्काराची आश्वासने देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु मालकीचा प्रश्न आजच विचारावा लागतो. कापसाचा अनुभव नांदेडला ताजा आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ हा संकरित वाण सार्वजनिक पैशातून निर्माण झाला आणि कोरडवाहू शेतकऱ्याने तो आपलासा केला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला आवरणारे जनुक खासगी मालकीचे होते. सार्वजनिक वाणाकडे ते नव्हते. अल्पावधीत बाजार खासगी बियाण्यांनी व्यापला, पाकिटामागे तंत्रज्ञानाचे शुल्क वसूल होऊ लागले आणि शेवटी २०१५ साली सरकारला किंमत-नियंत्रणाचा आदेश काढावा लागला. वाण उत्तम असूनही मागे पडला, कारण विद्येची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती. ज्वारीच्या बाबतीत ही कथा पुन्हा घडू द्यायची काय?

काही साथी म्हणतील की जमीन, पाणी आणि भाव यांचे प्रश्न उभे असताना पानाच्या शिरा मोजणे हा चैनीचा उद्योग आहे. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे कमी पाण्यात अधिक अन्न देणाऱ्या पानाचा अभ्यास ही चैन कशी? बियाणे बदलून समाजव्यवस्था बदलत नाही, हे खरे. पण ज्ञानाचे साधन भांडवलदाराच्या हाती सोपवूनही ती बदलत नाही.

म्हणून चळवळीने तीन मागण्या लावून धराव्यात. १९७२ सालीच स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या भरडधान्य संशोधन संस्थेच्या साह्याने मालदांडीसारख्या वाणांच्या म्यूटंटचा खुला संग्रह उभारावा. पानाचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली शिरा मोजण्याचे पहिले काम नांदेडच्या विद्यापीठातील व लातूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही करू शकतील. त्याला कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. दुसरे, सार्वजनिक पैशातून मिळालेले ज्ञान सार्वजनिकच राहावे आणि त्यातून निघालेले बियाणे महाबीजमार्फत रास्त दरात मिळावे. तिसरे, ज्वारीची हमीभावाने खरेदी होऊन ती मराठवाड्याच्या रेशनवर यावी. कारण पिकवणाऱ्याला भाव नसेल तर उत्तम पानही शेतात उभे राहणार नाही.

म्यूटंटच्या एका रोपात शास्त्रज्ञाला निसर्गाची युक्ती दिसते. त्या युक्तीचे फळ भाकरी थापणाऱ्या हातांपर्यंत पोचविणे हे काम प्रयोगशाळा करणार नाही. ते संघटित श्रमिकांनाच करावे लागेल.